थंड व्हायलाही वीज लागते

मंडळी, आधी माफी. बंगळूरहून आलो की आठ दिवसांत लिहून देतो म्हणालो होतो, त्याला पंधरा दिवस होऊन गेले. तुमच्यातल्या दोघातिघांना दिवाळीनंतर तिकडे जायचं आहे, म्हणून आज बसलोच. शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा चुका पोटात घाला.

मी खरं तर जाणार नव्हतो. माझी भाची नंदा दोन वर्षं बोलावत होती. ती काचेच्या बशा आणि वाडगे भट्टीत घडवते, लोक सांगतील तसे. काच आणि भट्टी, दोन्हींची मला धास्ती. पण गुडघे अजून चालतात म्हटलं, आणि निघालो.

मिरजेहून दुपारी गाडी, दुसऱ्या दिवशी सकाळी यशवंतपूर. दशम्या घरूनच न्या. वाटेत मी तिकीट इतक्या वेळा चाचपलं की समोरच्या बाईंनी विचारलं, आजोबा, खिशात विंचू आहे का? यशवंतपूरला स्टेशनच्या फाटकातल्या रिक्षा घेऊ नका. रस्त्यावर येऊन मीटरवाली धरा, ती बसवनगुडीला, नंदाच्या घराकडे, सरळ नेते.

नंदाच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथेच भट्टी. धूर नाही, जाळ नाही, सगळं विजेवर. कोरमंगल्यात नवं घर बांधलेल्या शांताअक्कांची आठ बशांची ऑर्डर होती, शुक्रवारच्या वास्तुशांतीच्या जेवणासाठी. त्यांच्या आईच्या लुगड्याच्या काठाचा हिरवा रंग हवा होता. नंदाने हिरव्या काचेच्या पट्ट्या कापून साध्या काचेवर मांडल्या. मंगळवारी संध्याकाळी तिने मला काळा चष्मा लावून भट्टीच्या भोकातून पाहायला सांगितलं. आत सगळं नारिंगी. पट्ट्यांच्या धारा माझ्यादेखत गोल झाल्या आणि हळूच खालच्या काचेत उतरल्या, तूप भातात उतरतं तशा. चाळीस वर्षं पिठाच्या गिरणीत काढली, पण धारदार वस्तू अशी शांतपणे मऊ होताना पाहिली नव्हती. मी हात जोडले. नंदा हसली.

बुधवारी सकाळी ती म्हणाली, झालं मामा, आता नुसती थंड व्हायचीय. मग ती बाजारात नवी काच आणायला गेली. मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात इडली खायला निघालो (तिथली चटणी चुकवू नका) आणि कुलूप लावताना मेन स्विच खाली ओढला. गिरणी बंद करताना रोज ओढायचो, आणि आगीची भीती तर माझी जुनीच. दोन तासांनी आलो तर नंदा शेडमध्ये उभी. भट्टीवरचा उष्णतेचा काटा पार खाली आला होता.

तेव्हा कळलं, की काचेला थंड व्हायलाही वीज लागते. उष्णता एकदम सोडायची नसते, यंत्र थोडी थोडी देत देत ती उतरवतं. नाहीतर काचेच्या अंगात ताण राहतो.

गुरुवारी भट्टी उघडली. एक बशी दोन तुकड्यांत, सात अखंड. मला हायसं वाटलं. पण नंदाने काचेतला ताण दाखवणाऱ्या दोन काळ्या फितींच्या मध्ये एक बशी धरून मला दाखवली. अखंड दिसणाऱ्या त्या काचेत, हिरव्याच्या कडेकडेने, पांढरा उजेड पेटला होता. काचेचं दुखणं डोळ्यांना दिसतं, मंडळी. मी पाहिलंय. गरम भाजी वाढली की ही केव्हाही फुटेल, असं ती म्हणाली. सातही पुन्हा तापवून सावकाश उतरवायच्या, म्हणजे रविवार. आणि त्यात एखादी जाऊही शकते.

मी म्हटलं, शांताअक्कांना करंट गेला होता म्हणून सांग, इथे रोजच जातो. ती म्हणाली, "मामा, मग पुढच्या वेळी खरंच करंट गेला तर मी काय सांगू?"

तेव्हा मीच रिक्षा करून कोरमंगल्याला गेलो. शांताअक्का पिढ्यान् पिढ्या तिकडच्याच, मराठीत निम्मं कानडी. सगळं सांगितलं. ताण दिसतो तेही सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या,

"सरी, ठीक आहे, अण्णा. शुक्रवारी केळीच्या पानावर जेवू. आईच्या रंगाला स्वल्प थांबू की."

शुक्रवारी त्यांनी मलाही पानावर बसवलं. बिसीबेळे भात होता, दोनदा घेतला. वाढणाऱ्या सुनेला त्या म्हणाल्या, ह्यांना वाढ, आपल्या बशा ह्यांनीच अर्ध्या झोपेतून उठवल्या. सगळे हसले, मीही हसलो.

शनिवारी दुपारी माझं परतीचं तिकीट होतं. भट्टी अजून उघडायची नव्हती, बशा आत सावकाश थंड होत होत्या. निघताना पत्र्याच्या दारावर नुसता हात ठेवला.

घरी आल्यापासून कुलूप लावताना हात मेनकडे जातो आणि मधेच थांबतो. तिकडे काय काय पाहिलं, खाल्लं, ते विसरेन. धारा मऊ होतानाचा तो नारिंगी उजेड विसरणार नाही, आणि दोन फितींमधला पांढराही.

नंदाचा फोन पावसाने बंद पडला असावा. रोज संध्याकाळी बूथवर जाऊन लावतो, नुसती घंटी वाजते. कार्ड टाकलं, उत्तर नाही. तुमच्यापैकी जो आधी जाईल त्याने बसवनगुडीला डोकावावं. आणि नंदे, हे तुझ्या हाती पडलं तर लांबलचक लिहू नकोस. बशा सात निघाल्या की सहा की एकही नाही, एवढा एक आकडा लवकर कळव.