एका शब्दापायी वीस फटके

अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांत मी अमरावतीच्या कचेरीत दुभाष्या होतो. माझं सगळं इंग्रजी अकोल्यात व्याकरणाच्या एका पुस्तकावर झालेलं.

अंजनगावचा एक गाडीवान बाजारात कापूस घेऊन आला होता. गाड्यांची रांग हलेना, तेव्हा अडत्याच्या माणसाने गठ्ठे ओढायचा लोखंडी आकडा त्याच्या बैलाच्या पुठ्ठ्यात खुपसला. बैल हंबरून गुडघ्यावर आला. गाडीवानाने गाडीचा दांडा उपसला आणि त्या माणसाचा जबडाच फोडला.

गाडीवानावरच्या खटल्यात न्यायाला बसलेला इंग्रज साहेब मला म्हणाला, "याचे अँटिसीडेंट्स विचार."

माझ्या पुस्तकात अँटिसीडेंट म्हणजे सर्वनामाच्या आधी येणारं नाम. माणसाच्या आधी येणारे ते वाडवडील, असा मी अर्थ लावला.

"तुझे वाडवडील काय करत होते?"

"माहा आजा पेंढाऱ्याइत होता," तो मान ताठ करून म्हणाला. "गंज माणसं कापली त्यानं. बाप मात्र वावरातच राबला, अन् मी बी."

मी शब्दाला शब्द सांगितला. साहेबाने आजोबाचं तेवढं लिहून घेतलं. रक्तातच हिंसा आहे, असा शेरा मारून वीस फटक्यांची शिक्षा दिली.

हुकूम वाचून दाखवायला मी तुरुंगाच्या आवारात हजर होतो. त्याला तीन वाशांच्या तिकाटण्याला बांधलं. सातव्या फटक्याला कातडी फाटली. बाराव्यानंतर तो ओरडेनासा झाला, नुसता वेताचा आवाज येत राहिला.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या आरोपीबद्दल साहेबाने तेच विचारलं आणि जमादाराने त्याची जुनी चोरी सांगितली. मी चरकलो. कचेरी उठल्यावर साहेबाला अर्थ विचारला.

"मूळ लॅटिन," तो म्हणाला. "आधी, आणि जाणं. आधी होऊन गेलेलं. माणसाच्या बाबतीत त्याची आजवरची वागणूक."

"वाडवडील नाही?"

"तोही अर्थ होतो. पण आजोबाच्या पापाबद्दल मी नातवाला कशाला विचारीन?"

मी घडलेलं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं, स्वतःबद्दल विचारल्यावर तो आजोबाची फुशारकी मारतोय. आता जाऊन खरं विचारून ये."

अंजनगावात त्या गाडीवानाने पूर्वी कुणावर हात उचलल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. अंगणात बाजेवर तो पालथा पडला होता. मी माझी चूक कबूल केली. तो कण्हत उठला आणि त्याने माझ्या तोंडावर बुक्की मारली. मी भिंतीवर आदळलो, दोन दात हातात आले. त्याच्या बायकोने त्याचा हात धरला.

"तू काय करत होता, असं मले कावून नाई इचारलं?" तो म्हणाला.

मी तोंडातलं रक्त पुसत कचेरीत परतलो आणि साहेबाला सगळं सांगितलं.

साहेबाने कागदावरचा शेरा खोडला. मी नोकरी सोडली नाही, पण न कळलेला शब्द भर कचेरीत विचारायची लाज सोडली. फटक्यांनी गाडीवानाचा उजवा खांदा मात्र कायमचा आखडला. पुढे त्याची गाडी त्याचा भाऊ हाकू लागला.