उघड्या तोंडाचा फोटो

फोटोवाला आल्याशिवाय मोर्चा संपत नाही, ही आपल्याकडची रीत. भाषणं होतात, निवेदन दिलं जातं, साहेब जेवायला निघून जातात, आणि मग गळ्यात कॅमेरा अडकवलेला अतिक फटफटीवरून उतरला की पुढारी हाळी देतो, "उठा, फोटो व्हायचाय." मंडळी पुन्हा उभी राहतात, पुन्हा मुठी वळतात, दोन मिनिटं मोर्चा नव्यानं होतो. यात कुणालाच काही खोटं वाटत नाही. बारा वर्षं अतिकलाही वाटलं नव्हतं.

अतिक बदनापूरचा. स्टेशनच्या रस्त्याला एका खोलीचा स्टुडिओ. तिथं ओळखपत्रांचे फोटो काढायचे, लगीनसराईत लग्नांची कामं करायची, आणि जालन्याच्या एका दैनिकाला आंदोलनांचे फोटो पाठवायचे. उपोषणं, रास्ता रोको, टाकीवर चढलेली माणसं, सगळं त्याच्या डोळ्याखालून गेलेलं. दैनिकाच्या डेस्कवरचे रामप्रसादजी फोनवर एकच घोकत, "गर्दी नको बाबा, चेहरा दे." चेहरा हुडकण्यात अतिकचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. त्याचा त्याला तोराही होता.

यंदाच्या एप्रिलात पाण्यासाठी बायकांचा हंडा मोर्चा एका सरकारी कचेरीवर गेला. वाटेत फटफटी पंक्चर झाली, अतिक पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं. बायका लिंबाखाली भाकरीची गाठोडी सोडून जेवायला बसलेल्या. उजेड कसा आहे ते बघायला त्यानं सवयीनं पहिला फोटो तिथलाच काढला. त्यात कडेला पुष्पाबाई होत्या, ठेचा चोळलेला घास तोंडाजवळ. या बाई गावच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. शेजारणींनी ओढून आणलं म्हणून जन्मात पहिल्यांदा मोर्चाला आलेल्या. पण चेहरा! रापलेला, गालफडं बसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"मावशी, तुम्ही या बरं पुढं."

"मी कशाला? जेवून राह्यले की."

"दोनच मिनिटं. गेटावर पाय ठेवा. अजून वर. हंडा उचला. आता ओरडा."

"काय ओरडू?"

"काहीबी. तोंड उघडं दिसलं पाह्यजे."

पुष्पाबाईंनी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही, पण फोटोला आवाज कुठं लागतो? अतिक खूश होऊन निघाला. पुष्पाबाईंनी अर्धी भाकरी पुरी केली आणि शाळेची भांडी राहिली म्हणून दोनच्या जीपनं घर गाठलं.

चार वाजता मागं राहिलेल्या जमावातून कचेरीवर दगड पडले. काचा फुटल्या, एका कारकुनाचं डोकं फुटलं. लोकांच्या मोबाइलमध्ये नुसती धूळ आणि पाठी. स्वच्छ चेहरा उभ्या तालुक्यात एकच होता, दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, 'पाण्यासाठी रणरागिणी' अशा मथळ्याखाली. जमावाला चिथावलं म्हणून गुन्ह्यात पहिलं नाव पुष्पाबाईंचं लागलं. आठवड्यात शाळेच्या चुलीपुढं दुसरी बाई बसली.

अतिकला हे कळलं. तो तडक ठाण्यात गेला.

"साहेब, ती बाई जेवत होती. गेटावर मीच चढवलं तिला."

जमादारानं मान वर केली. "म्हंजे फोटो खोटा?"

"खोटा न्हाई. पण... हां. खोटाच म्हणा."

"मंग तुमचे आजवरचे सगळे असलेच का?"

बारा वर्षांची कमाई या एका प्रश्नात जाणार होती. अतिक म्हणाला, "हां साहेब. बरेचसे असलेच."

"आज हे म्हणता, उद्या ते म्हणाल. ती जेवत होती, ह्याला पुरावा आणा."

पुरावा होता! लिंबाखालचा तो पहिला फोटो, वेळेसकट. अतिक उडत घरी आला, आणि कॅमेरा हातात घेतल्यावर त्याला आठवलं. त्याच्याकडे कॅमेऱ्याचं कार्ड एकच. छापायचा फोटो पाठवला की बाकीचे पुसून कार्ड मोकळं करायची त्याची शिस्त, आणि मोर्चाच्या दुसऱ्याच दिवशी एका हळदीचं काम होतं.

"इत्ते फोटो निकाले, एक भी नै रख्या?" बायको फरहीननं विचारलं.

जालन्यात पुसलेले फोटो परत काढून देणारा एकजण आहे. त्यानं दोन दिवस खटपट केली. हळदीनं माखलेला नवरदेव निघाला, करवल्या निघाल्या. लिंब काही निघाला नाही. अतिकनं रामप्रसादजींना खुलासा छापायची गळ घातली. ते म्हणाले, "आपणच आपला फोटो खोटा म्हणायचं? उद्या पेपर कोण हातात धरील?" मोर्चातल्या बायका साक्षीला येईनात. आपलंही नाव लागेल ही भीती. अतिक लेखी जबाब घेऊन पुष्पाबाईंच्या वकिलाकडे गेला. तेव्हा वकील म्हणाले, खटला उभा राहील तेव्हा सांगा, त्याला वर्षं लागतील. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि अतिकला झोप उरली नव्हती. पुष्पाबाईंच्या गावावरून जायचं झालं तर तो लांबच्या रस्त्यानं जाई.

मग एका सकाळी पुष्पाबाईच स्टुडिओच्या दारात उभ्या. जामिनाच्या कागदांना फोटो लागत होते. बदनापुरात दुसरा फोटोवाला नव्हता असं नाही, पण त्यांच्या ओळखीचा हाच.

"मावशी, माझ्यामुळं..."

"तुमाला तरी काय ठावं होतं, भाऊ," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करून स्टुलावर बसल्या.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अतिकनं दिवा लावला, कॅमेरा डोळ्याला लावला. तोंडून सवयीनं निघून गेलं, "मावशी, जरा वर बघा."

पुष्पाबाईंनी वर बघितलं. मग अगदी मनापासून, फोटो बिघडू नये म्हणून विचारलं,

"तोंड उघडू का?"

अतिकनं नकाराची मान हलवली, पण डोळ्यावरचा कॅमेरा काढला नाही. काढला असता तर बाईंना त्याचा चेहरा दिसला असता.

"झाला का, भाऊ?" पुष्पाबाई म्हणाल्या. "जीप जाईल माझी."