फोर-टेनच्या टप्प्यात कावळा

साहेबाला काय विचारावं आणि काय विचारू नये, एवढी साधी अक्कल मला इतकी वर्षं जिझानला नोकरी करूनही आली नाही. नाहीतर मी आमच्या सौदी मुदीरना, म्हणजे मॅनेजरसाहेबांना, भर ऑफिसात विचारलं नसतं, “तुमच्या आंब्याच्या बागेत कावळे येतात का हो?”

साहेबांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. “येतात? अरे, अंडी ठेवत नाहीत, पिल्लं ठेवत नाहीत, आंबे तर चोचा मारून मारून नासवतात! शुक्रवारी सकाळी ये. मी नवी बंदूक घेतलीय.”

घ्या! मला कावळा हवा होता बाबांच्या वर्षश्राद्धाच्या पानाला शिवायला, आणि साहेबांना वाटलं मुहन्दिसला, म्हणजे मज इंजिनियरला, शिकारीचा नाद लागला.

आमच्या कंपाउंडमध्ये पक्ष्यांना खायला घालायला बंदी आहे. साहेबांच्या बागेत कावळेही होते आणि केळीची पानंही. शिवाय इथला कावळा आपलाच, म्हणे जहाजांवर बसून हिंदुस्थानातून आलेला. राहण्याचा परवाना म्हणजे इकामा नाही, जामीन राहणारा कफील नाही, मेडिकल नाही, तरी आख्खं खानदान घेऊन ऐसपैस राहतो. मला एका बायकोचा व्हिसा काढायला जोडे झिजवावे लागले.

पण या वेळी कावळा शिवायलाच हवा होता. बाबा गेल्या वर्षी नाशिकला वारले. दहाव्याला पिंड ठेवला, सगळे ताटकळले, कावळा काही शिवेना. शेवटी चुलतभावाने दर्भाचा कावळा करून लावला आणि वेळ मारून नेली. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी राहिलेलं असतं. काय राहिलं ते आईने तिथेच, घाटावर ठरवून टाकलं. मुलगा आला नाही.

मुलगा बॅग भरून बसला होता. बाबांना दवाखान्यात नेलं त्याच दिवशी मी रजा टाकली होती. कायदा काही म्हणो, आमच्याकडे साहेबांच्या मंजुरीशिवाय एक्झिट-रीएन्ट्रीचं, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायच्या परवान्याचं, चाक हलत नाही, आणि साहेब मित्रांबरोबर वाळवंटात शिकारीला गेलेले. फोनला रेंज नाही. ते पाखरं मारून, उन्हाने रापून परत आले तोवर तिकडे दहावा उरकला होता. आईला हे किती वेळा सांगितलं! “एवढ्या मोठ्या कंपनीत हो म्हणायला एकच माणूस?” ती म्हणाली. तिचंही काय चुकलं? मलाही ते ऐकताना खोटंच वाटायचं. त्यात नातेवाइकांनी तेल ओतलं, रियाल सुटत नाहीत हो मुलांना. तेव्हापासून आईचा फोन म्हणजे, “जेवलास? बरं. ठेवते.” वर्षभर हेच. साहेबांना मात्र मी चकार शब्द बोललो नाही. आपल्याच हाताने पोटावर पाय कोण आणणार?

तर शुक्रवारी बायकोने पहाटे उठून भात, वरण, वडे, खीर, आमसुलाची चटणी असं सगळं करून दिलं आणि डबा घेऊन मी बागेत हजर झालो. साहेब बंदूक पुशीत बसले होते. फोर-टेन. बारा बोअरच्या पुढे ही म्हणजे पोरीबाळींनी उचलावी अशी सडपातळ.

“वजन नाही, खांद्याला धक्का नाही,” साहेबांनी गुण गायला सुरुवात केली. “आवाज बेताचा, शेजाऱ्याच्या शेळ्या बुजत नाहीत. आणि पाखराचं मांस शाबूत राहतं. बारा बोअरने लावा मारला तर खायला पिसंच उरतात.”

एवढं बोलून त्यांनी बार काढला. कावळा आंब्यावरून उडाला, लिंबावर बसला आणि आम्हाला कावकाव करून काय सुनवायचं ते सुनावलं. दुसऱ्या बाराला दोन पानं पडली. तिसऱ्याला एकाचा पंख खरचटला असावा, तो वेडावाकडा उडत कुंपणापलीकडे गेला. अवगुणांचं भाषण साहेबांनी दिलं नाही, पण मला डोळे होते. काडतुसात छर्रे मूठभर, ते थोडं लांब गेले की विखुरतात, मग मरण कमी आणि जखमा जास्त. गुण सगळे मारणाऱ्याचे, अवगुण सगळे मार खाणाऱ्याचे. अशा वस्तूला नाजूक म्हणतात!

“टप्पा कमी पडतो,” साहेब शेवटी कबूल झाले. “जवळ आले पाहिजेत.”

एव्हाना मी केळीचं पान मांडून त्यावर भात वाढत होतो. साहेबांनी पान बघितलं, मला बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “वल्लाह, मुहन्दिस! आमिष! हे मला कसं सुचलं नाही?”

“नाही, नाही, हे सदका आहे. पाखरांना दान.”

“कावळ्याला दान?” साहेब हसले. “अरे, मक्केच्या यात्रेकरूलासुद्धा जे मारायची मुभा आहे, त्यात कावळा आहे.” आणि बंदूक घेऊन ते माझ्या मागे दबा धरून बसले.

नाशिकहून व्हिडिओ कॉल आला. आईला कावळा शिवताना डोळ्यांनी बघायचा होता. मी फोन पानाकडे धरला. कावळे समोरच्या फांद्यांवर ओळीने बसले होते आणि एकाचंही लक्ष पानाकडे नव्हतं. सगळे बंदुकीकडे बघत होते.

“बोल काहीतरी,” आई म्हणाली. “कबूल कर त्यांना.”

“बाबा, आईला सांभाळीन.” काही नाही. “घर विकणार नाही.” काही नाही. “नातवाला मराठी शिकवीन.” यावर तर एक कावळा पाठ फिरवून बसला.

“बघ,” आई म्हणाली. तिचा आवाज दगडासारखा झाला होता. “अजून रागावलेत. तू आला नाहीस ना.”

“मुहन्दिस, आणखी भात टाक,” मागून साहेब कुजबुजले.

माझं डोकंच फिरलं. वर्षभर गिळलेलं सगळं वर आलं. मी वळलो आणि इंग्रजी, अरबी, जे तोंडाला येईल त्यात सांगितलं. हे आमिष नाही, हे माझ्या बापाचं पान आहे. गेल्या वर्षी तुम्ही पाखरं मारायला गेला होतात तेव्हा माझी रजा तुमच्या फोनमध्ये पडून होती. बाप गेला. माझी आई मला दोष देते. खलास! आता मारा काय मारायचं ते.

साहेबांनी बंदूक खाली केली. मग उठले, काडतूस काढलं, बंदूक गाडीत ठेवून आले. पानापासून जरा दूर उभं राहून त्यांनी विचारलं, “आई ऐकतेय?”

“हो.”

“तिला सांग. तुझ्या भाषेत सांग. मंजुरी माझ्याकडे अडकली होती. मी ती पाहिलीही नव्हती. मुलाचा दोष नव्हता.”

मी ते मराठीत आणलं. “आई, हे आमचे साहेब. ते म्हणतायत, रजा त्यांच्याकडे अडकली होती. माझा दोष नव्हता.”

पडद्यावर आईने चष्मा काढला. साहेबांकडे निरखून बघितलं. साहेबांनी छातीवर हात ठेवून मान खाली घातली.

“म्हणजे तू निघाला होतास?” आईने विचारलं.

“निघालोच होतो गं. बॅग भरून दाराशी ठेवली होती.”

“अरे माझ्या लेकरा,” ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागली. मीही भर बागेत पोरासारखा रडलो.

कावळा शिवला म्हणे. साहेबांनी पाहिलं. आम्हा मायलेकांचं तिकडे लक्षच नव्हतं.