एका गुणाचं काम

भाताच्या कोंड्याचा वास आला की शहापूरची ती भातगिरणी आठवते. तिथल्या रांगेसाठी नंबराची चिठ्ठी छापणारा प्रोग्राम आम्ही चौघं लिहीत होतो. काम जितकं मोठं तितके त्याला गुण, आणि दर आठवड्याला झालेल्या कामांचे गुण फळ्यावर मांडायचो. एकदा आठवड्यात कधी नव्हे ते चाळीस झाले, तर गिरणीवर पेढेच घेऊन गेलो! मालकीणबाई पेढा खात म्हणाल्या, "नंबर मोठा करा, म्हाताऱ्यांना दिसत नाय, असं दिवाळीपासून सांगतेय ना रे?" ते काम एकाच गुणाचं, म्हणून कुणी घेतच नव्हतं. मी तिथंच दहा मिनिटांत उरकलं. रांगेतल्या आजीनं नवी चिठ्ठी हातभर लांब धरली आणि ओरडली, "सतरा! माझा सतरा हाय गो!" अजूनही आमच्या गुणांचा आलेख चढला, की टाळ्यांआधी मी टीमला विचारतो, "आजीला सतरा दिसला का?"