बिनशेपटीचा उंट

बाबांनी लॅपटॉपवरच्या बुद्धिबळातल्या उंटावर बोट ठेवलं आणि त्यांना 'उंट' म्हणता येईना. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग कसंबसं म्हणाले, "हा... टोपीवाला." आणि शरमून लॅपटॉप मिटून टाकला. वहिनीने मिरजेत फोन त्यांच्यासमोर धरला होता, म्हणून इथे कुवेतमध्ये मला ते सगळं दिसलं. "नको आता. पुरे," म्हणाले.

अर्धांगवायूचा झटका येऊन दोन महिने झाले होते. हात सुधारला होता, पण शब्द निसटत होते. लग्न होऊन इथे आल्यापासून दर शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही बाप-लेक बुद्धिबळ खेळतो. एरवी बाबा फोनवर "बरी आहेस ना? ठेवतो" याच्या पुढे जात नाहीत. डाव मांडला की मात्र दोन-दोन तास बोलतात. "वजीर सांभाळ गं भवाने!" हे त्यांचं लाडाचं बोलणं. हा डाव बंद झाला तर माझ्यासाठी बाबाच बंद होणार होते, आणि ते मला अजिबात मान्य नव्हतं.

दोष त्या सोंगट्यांचा होता. लॅपटॉपवरचा तो खेळ परदेशी बनावटीचा. त्यात आपल्या उंटाच्या जागी पाद्र्याची चिरलेली टोपी, हत्तीच्या जागी बुरूज. इतकी वर्षं बाबा टोपी बघून मनातल्या मनात उंट म्हणायचे. आता मन तेवढं पळत नव्हतं. मग खराच उंट ठेवला तर? खेळ फुकटातला होता, सोंगट्यांची चित्रं एका फोल्डरात उघडी पडलेली. बदलता येत होती.

भावाला फोन करून सांगितलं, तर तो उसळला. "त्यांना आंघोळ मी घालतो, औषधं मी देतो, आणि तू तिथे बसून चित्रं बदलणार? उंटावरून शेळ्या हाकणं सोड!"

झोंबलं. खरं होतं म्हणूनच झोंबलं. फोन ठेवून मी चांगली रडले, आणि मग पेटलेच. म्हटलं, हाकतेच आता शेळ्या. शेंडी तुटो की पारंबी, बाबांच्या पटावर उंट उभा करणार.

शनिवारी नवऱ्याला गाडी काढायला लावली. अम्गराची भंगाराची गोदामं मागे टाकून पुढे गेलो, जिथे रस्त्याकडेला उंटिणीचं दूध विकतात तिथे. "अगं, नेटवर पैशाला पासरी उंट आहेत," नवरा कुरकुरला. "असू देत. मला माझा हवाय." सुदानी राखणदाराला मोबाइल दाखवून विचारलं, "सूरा?" म्हणजे फोटो काढू का. तो हसला, "यल्ला", म्हणजे चला, म्हणाला आणि उंटाला धरून मस्त आडवा उभा केला.

हत्ती सोपा गेला. शोकेसमधला पितळी हत्ती काळ्या ओढणीवर ठेवून फोटो काढला, मागचं काळं एका क्लिकमध्ये गेलं. उंटाने मात्र नाकी नऊ आणले. वाळूच्या रंगाचा उंट, तोही वाळूत उभा! वाळू पुसायला जावं तर पाठीवरची मदारही गायब.

मी ऑफिसात आयुष्यभर व्हिसाच्या फाइली लावलेली बाई. मला काय ठाऊक, की चित्राला लाल, हिरवा, निळा यांच्याखेरीज चौथा एक थर असतो, अल्फा. त्याला स्वतःचा रंग नाही. कुठे दिसायचं आणि कुठे नाही, एवढंच तो सांगतो. त्यावर काळं फासलं की ते गायब, पांढरं केलं की दिसतं, राखाडी असेल तर अर्धंमुर्धं. मग क्लिकचा नाद सोडला आणि रोज ऑफिसातून आल्यावर हातानेच वाळूवर काळं फासत बसले. एक दिवस नुसते गुडघे. एक दिवस पायांमधली फट.

एवढं करून घाईत चित्र जेपीजी करून पाठवलं. वहिनीने ते बाबांच्या लॅपटॉपवर टाकलं आणि तिचा फोन आला, "ताई, उंट पांढऱ्या रुमालावर उभाय हो." त्या जेपीजीत चौथ्या थराला जागाच नसते म्हणे! माझी सगळी मेहनत पाठवतानाच गळून पडली होती. स्वतःला चार शिव्या घातल्या, पीएनजी केलं, काळ्या बाजूसाठी तोच उंट गडद केला आणि पुन्हा पाठवलं.

शुक्रवारी बाबा यायला तयार नव्हते. शेवटी भावानेच त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आलेत. मांड डाव."

पट उघडला. बाबा बघत राहिले. बोट हळूहळू सरकत उंटावर गेलं. त्यांचे ओठ हलले.

"शे... शेपूट."

"काय बाबा?" वहिनीने विचारलं.

"उंटाचं शेपूट," बाबा चिडून म्हणाले. "कुठाय?"

मी चित्र मोठं करून पाहिलं. खरंच की! वाळूवर काळं फासता फासता मी शेपटीवरही फासलं होतं. इतके दिवस डोळे फोडले आणि मलाच ते दिसलं नव्हतं. मी हसत होते की रडत होते कोण जाणे. भाऊ पाठ फिरवून खिडकीपाशी गेला. पुढे डावात बाबांनी त्याच उंटाने माझा घोडा मारला.

त्या दिवशी जेवण झाल्यावर मी शेपूट लावायला बसले. पाच मिनिटांचं काम, तेवढा भाग पुन्हा पांढरा करायचा की झालं. ब्रश हातात घेतला आणि ठेवून दिला.

अजून दर शुक्रवारी पहिली चाल करायच्या आधी बाबा डोळे वटारून विचारतात, "उंटाचं शेपूट कुठाय गं भवाने?" पूर्ण वाक्य, एका दमात. मी म्हणते, "राहिलंच बघा बाबा. लावते."