बोलीवरून गाव सांगणारे अण्णा

अण्णा हेडफोन एकाच कानाला लावत, डोळे मिटून ऐकत आणि बोलणारा माणूस कुठला ते सांगत. "ह्यो मिसरी, म्हंजी इजिप्तचा. भाकरीला ऐश म्हणतोय. आखाती असता तर खुबूस म्हणला असता."

शिराळ्याजवळच्या खेड्यातले अण्णा बावीस वर्षं अरब देशांत टँकर चालवून परतले होते. मलकापूरच्या आमच्या छोट्या कंपनीला परदेशातून काम मिळालं होतं. संगणकाला अरबी बोली ऐकून समजाव्यात, म्हणून आवाजांचे तुकडे तपासून द्यायचे. पुस्तकी अरबी शिकलेली आम्ही चौघं बोलीपुढे हात टेकून बसलो, तेव्हा अण्णांना बोलावलं. त्यांना अरबी वाचता येत नसे. पण "वारणंच्या अल्याड-पल्याड बोलणं बदलतं का न्हाई? तसंच हाय त्ये," म्हणत ते एकेक बोली उलगडून दाखवत. तिकडच्या ड्रायव्हरांच्या भांडणांच्या नकला करून हसवतही.

सुरुवातीला तुकड्यांत बाजारभाव असत, जेवणाच्या ऑर्डरी असत. मग आवाज बदलले. माणसं दबकून बोलू लागली. मागे कुणीतरी रडत असे. तक्त्यात एक नवा रकानाही आला : बोलणारा नेमका कुठल्या गावचा?

एका दुपारी अण्णांनी एकच तुकडा चारदा ऐकला. कुणी बाई मुलाला सांगत होती, घरी येऊ नकोस, दारात माणसं उभी आहेत.

"पोरी, ही बाई आपल्यासंगं बोलत न्हाई," अण्णा म्हणाले. "आपुन ऐकतोय ह्ये तिला ठावं तरी हाय का?"

मी वर साहेबांना विचारलं. उत्तर आलं, रकाना भरा.

त्या दिवसापासून अण्णा प्रत्येक तुकड्याला "कळंना" एवढंच सांगू लागले. आठवड्याभरात साहेबांनी मला बोलावलं. अण्णांची आता गरज नाही, यंत्र आपलं आपण गाव ओळखतंय, म्हणाले. ते अण्णांना सांगायचं माझ्या वाट्याला आलं.

"कुणी शिकीवलं त्येला?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलेल्यावरूनच शिकलं ते, अण्णा."

"मी आदी सांगितल्यालं काडून टाकता यील?"

"नाही अण्णा. ते आता त्यात मुरलंय."

अण्णा चहा न घेता उठून गेले.

मी मात्र नोकरी सोडली नाही. महिन्याभराने त्यांना भेटायला गेले, तेव्हा ते उसाला पाणी पाजत होते. मला बघून बांधावर आले.

"फोन लांब ठिवून ये. त्यो बी ऐकतोय."

मी फोन गाडीत ठेवून परत आले. आम्ही बराच वेळ शेजारी बसलो. अण्णा तरीही एक शब्द बोलले नाहीत.