आतलं घड्याळ

आलापल्लीच्या सायबर कॅफेवाल्या बाई बोलताना माणसाकडे बघत नसत. बांगड्या कोपराकडे सारून स्क्रीनलाच उत्तर देत.

मार्कंड्याच्या यात्रेची वेबसाइट मी त्यांच्याच कॅफेत बसून चालवायचो. लग्नाच्या मांडवासारखी सजवली होती मी ती: घड्याळ, घंटेचा नाद, वरून पडणारी फुलं. दर हौसेला एक प्लगिन, म्हणजे साइटला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम. परिणामी, मजकूर टाकायचं आतलं पान उघडेपर्यंत माझा चहा थंड व्हायचा.

यात्रेच्या आदल्या सकाळी जादा गाड्यांचा थांबा बदलला. दुपारी नागपूरहून निघणाऱ्यांना कळवलं नाही, तर ते जुन्या थांब्यावर ताटकळणार. आणि पान कासवाच्या चालीनं सरकतंय!

“सगळी प्लगिनं उडवतो,” मी ओरडलो.

“थांबा नं भाऊ! जंगलात विरळणी करतेत तं अख्खं सागवान तोडतेत काय?” बाई स्क्रीनला म्हणाल्या. “बाहेर पाव्हण्यायले फुलं दिसू द्या. आत तुमी एकटेच. तिथी घंटा कोनासाठी पायजे?”

एकेक प्लगिन त्यांनी फक्त आतल्यापुरतं बंद केलं, दरवेळी पान उघडून पाहिलं. घड्याळ बंद होताच पान टुणकन उघडलं. माझं सर्वांत लाडकं घड्याळ! मी लगेच नवा थांबा टाकला.

यात्रा करून आलापल्लीला आलेला एक नागपूरकर कॅफेत म्हणाला, “साइट पाहूनच बरोबर थांब्यावर गेलो.” मी छाती फुगवून बाईंकडे बोट दाखवलं.

बाईंनी पहिल्यांदाच स्क्रीन सोडून माणसाकडे पाहिलं.

“भाऊचं घड्याळ बंद केलं, म्हनून तं तुमी टायमावर पोचले!”